राजाची उडी

"सर, यानं प्यादं एकदम दोन घरं टाकलं!"

मी हात वर करून तक्रार केली आणि सगळा हॉल हसला. जळगावात मेहरूणला एका शेठजींच्या बंगल्यातला तो हॉल. मुलांची बुद्धिबळ स्पर्धा. समोर त्यांचाच नातू. त्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं होतं. मला वाटलं, लबाडी.

आमच्याकडच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. आणि शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला असंच शिकवलं होतं. ते अमळनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. रोज संध्याकाळी ते कापडी पट अंथरायचे. कापसाचे पुंजके केसांत तसेच असायचे.

थोड्या चालींनंतर माझा राजा अडचणीत येऊ लागला. मी उडी घेतली.

स्पर्धेचे सर धावत आले. माझा राजा उचलून त्यांनी सगळ्यांना दाखवला.

"बघा रे, हिचा राजा घोड्यावर बसला! कोणी शिकवलं गं?"

"आबांनी."

आबा दारात, चपलांजवळ उभे होते. पोरांच्या आया खुर्च्यांवर होत्या. आबांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. "हमाली करतोस ना? मग पोरीला पोतं उचलायला शिकव. तुमच्या वस्तीतला खेळ इथं कशाला आणता?"

आबांनी हात जोडले. "चुकनं साहेब. पोरीले काही म्हनू नका."

माझे आबा. एवढ्या लोकांसमोर. माझ्यासाठी.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत राहिले. अमळनेरच्या अलीकडं एवढंच म्हणाले, "मनीच चूक शे, माय. आते तू मोठा लोकेसना खेळ शिक."

मी शिकले. पुस्तकं वाचली. तेव्हा कळलं, आबांचा खेळ चुकीचा नव्हताच. जुना होता. देशी होता. घरी जाऊन मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. पट काही अंथरला नाही. नंतर कधीच नाही.

यंदा आबा गेले. त्यांच्या पेटीत तो पट सापडला. घडीवर कापड विरलं होतं. अंथरायला गेले तर फाटेल, म्हणून अजून उलगडलेला नाही.

आता मी धुळ्यात मुलांना बुद्धिबळ शिकवते. मधली घरं धरा. घोडे, उंट लवकर बाहेर काढा. वजिराला आधीच हिंडवू नका. किल्लेकोट करून राजाला सुरक्षित ठेवा. आणि समोरच्यानं अनपेक्षित चाल केली तर घाबरू नका, हसूही नका. हात मांडीखाली ठेवा, म्हणजे घाईत चाल होणार नाही. आधी विचारा, ही चाल कशासाठी? तिनं काय धरलं, काय मोकळं सोडलं?

त्या हॉलमध्ये हे कुणीही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एक नवी मुलगी वर्गात आली. चौथ्या-पाचव्या चालीला तिनं राजाची उडी घेतली. पोरं खिदळली. दारात तिचे वडील उभे होते. त्यांचे हात जोडण्यासाठी वर येत होते.

"थांबा," मी म्हटलं. "आत या भाऊ. इथं बसा."

मग पोरांना सांगितलं, "ही चूक नाही. हा दुसरा खेळ आहे. आपण आधी तिच्याकडून शिकू, मग तिला आपला शिकवू."

वर्ग भाड्याच्या जागेत भरायचा. जागेचे मालक मला बाहेर घेऊन गेले. "मॅडम, असल्या पोरांना वेगळं बसवा. बाकीच्यांना सवय लागते."

"वेगळं बसवणार नाही."

"मग जागा दुसरी बघा."

मी पट गोळा केले. काही पालकांनी मुलं काढून घेतली. आता वर्ग माझ्या पुढच्या खोलीत भरतो. खुर्च्या नाहीत. सतरंजी आहे. पोरं बसतात, त्यांचे आईबापही तिथंच बसतात.

आबांचे जोडलेले हात मला सोडवता आले नाहीत. ते तसेच गेले. पण माझ्या दारात यापुढं कुणाचा बाप हात जोडून उभा राहणार नाही.