क्रोटनची हिरवी पानं

सगळं सामान गाडीत भरून झालं, तरी क्रोटनची कुंडी मी मांडीवरच घेतली.

"आई, पुण्यात नर्सऱ्या काय कमी आहेत?" मंदार म्हणाला. मी कुंडीभोवती पदर सारखा केला. हे गेल्यावर रत्नागिरीच्या घरात मी एकटीच राहिले. मग एकदा विहिरीपाशी घसरून पडले, आणि मुलानं मला घेऊन जायचं ठरवलं.

शेजारची शालन फाटकात उभी होती. "पोचलीस की फोन कर गो," एवढंच म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

आमच्या अंगणात दिवसभर ऊन. कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यालगत क्रोटनची पानं लाल, पिवळी, शेंदरी होऊन नुसती पेटलेली असायची. मंदारच्या बाल्कनीसमोर दुसरी इमारत. ऊन येतं, पण चहा उकळेपर्यंत निघूनही जातं. थोड्याच दिवसांत पानं गळायला लागली. सून ऋतुजा मनानं चांगली. ऑफिसला निघता निघता ती पानं गोळा करायची. "आई, मेलं का हो ते?"

दोघं गेली की घरात आवाज फक्त फ्रिजचा. मी झाडाशी बोलायचे, आपल्याकडचा हेल काढून. तो ऐकायला दुसरं होतं कोण? माझी आई म्हणायची, "झाड रुसलं म्हणून पाणी ओतू नये गो. त्याला जागा कळू दे." म्हणून थांबले.

कोंब फुटले. पण पानं आली ती रुंद, पातळ आणि निव्वळ हिरवी. लाल रंगाचा मागमूस नाही. मला राहवेना. एके दिवशी कुंडी उचलून थेट गच्चीवर भर उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत पानांवर करपल्याचे पांढुरके चट्टे उठले. याच झाडानं रत्नागिरीचं ऊन सोसलं होतं. पण ती पानं वेगळी. ही सावलीत जन्मली होती. कुंडी घेऊन उतरताना जिन्यातच बसले आणि पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा रडले.

मे महिन्यात रत्नागिरीचं घर उघडायला गेलो. शालननं मला घट्ट धरलं, बाहेरच्या खोलीत बसवलं आणि चहा आणला तो फुलाफुलांच्या कपबशीतून. इतकी वर्षं मी तिच्या चुलीपुढे बसून पेल्यातून चहा प्यायले. कपबशा निघायच्या त्या पाहुण्यांसाठी. "अगो, पेला दे की," अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं किती हौसेनं मांडलं होतं सगळं, बिस्किटंसुद्धा.

"रमलीस ना तिकडे?"

"रमले," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

पुण्यातही सून मला चहा ट्रेमधून देते, बसल्या जागी. प्रेमानंच देते. पण मला आताशा वाटतं, घर म्हणजे तेवढंच: आपण आत जावं, आपला पेला आपण घ्यावा, आणि कुणी जागचं उठू नये.