पाणी जातं कुठं

संभाजीनगरात पाणी कधी येणार याची काळजी अख्खं शहर करतं. आलेलं पाणी जाणार कुठं, याची काळजी करणारा माणूस एकच आहे आणि दुर्दैवानं तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे मला मान ठेवणं भागच. नोकरी झाली पाटबंधारे खात्यात, कालव्यावर. आमच्याकडच्या कालव्यांत वर्षातले बरेच महिने पाणीच नसतं, त्यामुळं त्यांनी जन्मभर पाण्यापेक्षा उतारच जास्त पाहिला. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे काचेची गोटी ठेवतात. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत ती फरशीवर सोडतात आणि कुठं जाते ते मान तिरकी करून बघत बसतात. करमाडला भाचीच्या वास्तुशांतीत भटजींचे मंत्र चालू असताना त्यांनी गोटी सोडली, ती घरंगळत थेट देवघरात गेली. "मोरीचं पानी देवाकडं येनार," त्यांनी शांतपणे जाहीर केलं. भाचीच्या सासऱ्यांनी त्यानंतर त्यांना कुठल्या कार्याला बोलावलेलं नाही. लग्नाला गेले तर आधी मांडवामागं जाऊन खरकटं पाणी कुठं सोडलंय ते पाहून येतात आणि पंगतीत शेजारच्याला घास तोंडात असतानाच ते सांगतात.

अशा माणसाच्या कानावर आपल्या घरातलं ड्रेनेजचं काम जाऊ देऊ नये, एवढी अक्कल मला होती. पण घरात बायको होती आणि तिला बहिणीला फोन करायची सवय होती. झालं असं की, वैजापूरला भावाकडं माझी आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. तिला वहिनी आंघोळ घालायची. वहिनी भली बाई आहे, पण जिच्या डोक्यावरचा पदर उभ्या जन्मात कुणापुढं ढळला नाही, त्या माझ्या आईला ते रोज सकाळी नकोसं व्हायचं. "तुझ्याकडं येते," ती म्हणाली, "पन आंगुळ तेवढी मला एकटीला करू दे." म्हणून गारखेड्याच्या आमच्या घरी खालच्या खोलीला लागून असलेल्या अडगळीच्या जागेत बाथरूम काढायचं ठरलं. सगळं सोपं होतं. नव्या बाथरूमचा पाइप घराच्या जुन्या लायनीला जोडायचा, एवढंच काम. आमचा मिस्त्री म्हणाला, "साब, बाजू का चेंबर उथला है. फरश छे इंच उठा देते, ढाल मिल जाता. शाम तक काम खलास." फरशी उचलून उतार काढायचा, हे मला पटलं. मी मान डोलावली आणि नेमके तेव्हाच साडू फाटकातून आत आले.

"पायरी होईल," ते म्हणाले. सहा इंचाची पायरी काही फार नाही, बाजूला धरायला दांडा लावू, असं मी म्हणालो. "पायरी ती पायरीच. मिस्त्री, पाइप खाली ठेव." मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं, मी बायकोकडं पाहिलं, बायकोनं बहिणीच्या संसाराचा विचार करून भिंतीकडं पाहिलं. पाइप खाली ठेवला गेला.

मग चौकशी सुरू झाली. जुन्या लायनीचा स्वभाव कळल्याशिवाय तिला नवा पाइप जोडायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी बायकोकडून हळद मागून घेतली आणि ती स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतली. वरच्या बाथरूममध्ये कपड्यांची नीळ ओतली. मग सगळ्या चेंबरांची झाकणं उघडून कुठून पिवळं येतं नि कुठून निळं, हे ते उकिडवे बसून पाहू लागले. त्या दिवशी नेमका आमचा पाण्याचा दिवस. आठवड्याचे कपडे भिजवलेले, टाक्या भरायच्या होत्या आणि साडूंचा हुकूम असा की, ते सांगेपर्यंत कुणी नळ सोडायचा नाही. त्यांना ओतायलाही चांगलं पाणी चालत नव्हतं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून आणायचं. संध्याकाळी निकाल लागला. जवळचं उथळ चेंबर बाद. पाइप न्यायचा फाटकाजवळच्या खोल चेंबरला, म्हणजे मी गेल्या दिवाळीत हौसेनं बसवलेल्या अंगणातल्या फरशीखालून. मी जरा चढ्या आवाजात बोललो. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. ते मिस्त्रीला सांगत होते, "सांधा सरळ काटकोनात नको. नवं पानी जुन्या पान्यात आडवं घुसवायचं नाय, वळसा घिऊन मिसळू द्यायचं."

अंगण खणलं गेलं. माझी स्कूटर गल्लीत गेली, बायको भावजींशी फक्त चहापुरतं बोलू लागली आणि आईचं येणं लांबलं. एकदा लांबलं, पुन्हा लांबलं. तिसऱ्यांदा मी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "जड जात असंल तर सांग बाबा. मी हितंच राहते."  मी चालू फोन हातात तसाच धरून अंगणात गेलो आणि इतक्या दिवसांचं सगळं साडूंना ऐकवलं. आईला वाटतंय की ती आम्हाला नको आहे, आणि हे सगळं तुमच्या उतारापायी, असं तोंडावर म्हणालो.

त्यांनी चिखलाचा हात धोतराला पुसला आणि फोन घेतला. "आक्का, मी बोलतोय. तुमच्या न्हानीला पायरी ठिवू का?" पलीकडून आईचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "नको. पायरी आली की कुनीतरी धराया लागतं." "मग चार दिस थांबा," साडू म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. एवढ्या दिवसांत हा प्रश्न आईला विचारावा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आई आली. वॉकर ढकलत खोलीतून थेट आत गेली, मध्ये कुठं थांबली नाही. दार लागलं. मग तांब्याचा आवाज आणि पाण्याचा आवाज, बराच वेळ. साडू फाटकाजवळ झाकण काढून बसले होते. पाणी आलं तसं त्यांनी मला खुणेनं बोलावून दाखवलं. आई बाहेर आली तेव्हा केस धुतलेले होते. "अंग कसं हलकं वाटाया लागलं," ती म्हणाली आणि उन्हात बसून राहिली. 

अंगणातली फरशी मात्र त्यांनी स्वतः उभं राहून परत बसवून घेतली आणि तिच्यावर आता मधोमध पाणी साचतं. हे मी त्यांना सांगितलं तर ते म्हणतात, मिस्त्रीनं ऐकलं नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. गुडघे गेलेत त्यांचे. बाथरूममधून येताना दोन पायऱ्या भिंतीला धरून, एकेका पायरीवर थांबत उतरले. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "दादा, आता तुमच्याही पायऱ्या काढून टाकू या." टॉवेलानं तोंड पुसता पुसता ते म्हणाले, "इथं उतार मिळत नाय." जन्मात पहिल्यांदा त्यांनी गोटी न सोडता, उतार न बघता निकाल दिला होता, आणि मला त्यांचा भयंकर राग आला.