तिच्या बाजूची गादी

अमरावतीत राजापेठेच्या मागं गाद्या पिंजणारा तो एकदाच भेटला. नाव मी इचारलं नाही. दाढीत कापूस, समोर मोबाइलवर सिनेमा, अन् हासण्यापायी पिंजायची मशीन बंद. सिनेमातला हीरो कूलरमधी बसून मागच्या काळात जाये.

"पाहा ना चाचा! हा येडा नशीब बदलायले जाते, अन् बायकोच्या हातचं जेवून वापस येते. हर बार!"

मीबी हासलो, बायको गेल्यापासून पहिल्यांदाच. टॉकीजमधी ती पदर तोंडात धरून हासे, ते आठवलं.

मंग त्यानं माझी गादी उसवायले कैची घेतली. एका बाजूले बायकोच्या झोपण्यानं खड्डा पडला होता.

"थांब," मी म्हटलं. "ते बाजू नको उसवू. तिथं माही बायको झोपे."

त्यानं सिनेमा बंद केला. गादी फिरवून माझ्या बाजूले कैची लावली. "इकडचीच पिंजतो, चाचा. तुमाले कूलर कायले पाहिजे? मागं जायले तुमची ही गादीच हाये."

आता माझी बाजू उंच फुगली, तिची तशीच खोल. सून म्हणते, बाबा, गादी बिघडवून आणली. बिघडली तं बिघडली. झोपलो की मी घरंगळत तिच्या खड्ड्यात जातो.