धर्मपाल सरांची इंग्रजी बेरीज

धर्मपाल तायडे सरांना कुणी विचारलं की तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती, तर ते आढेवेढे न घेता सांगतात, "सत्तेचाळीस अधिक अडतीस बरोबर पंच्याहत्तर." आणि मग स्वतःच इतकं हसतात की ऐकणाऱ्याला हसायला जागाच उरत नाही. पण त्या बेरजेच्या पाठोपाठ त्यांच्या हातून आणखी एक गोष्ट घडली. ती सांगताना ते हसत नाहीत.

मोर्शीपासून थोडं आत, संत्र्याच्या बगीच्यांमधल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी वर्ग, शिकवणारे दोघं. एक मुख्याध्यापिका भावना मॅडम आणि दुसरे हे. सर राहतात मोर्शीत. बायको दीपमाला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मुलगी प्रणाली तिसरीत. सरांचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या बगीच्यात मजुरीला गेले. घरात पहिला सरकारी पगार आला तो गणिताच्या मार्कांवर, असं सर मानतात, आणि ते खरंही आहे. इंग्रजीचं मात्र नाव काढू नये. बारावीला इंग्रजीत ते काठावर पास झाले, तेव्हा घरच्यांनी वाटायला आणलेले अर्धे पेढे त्यांनी एकट्यानंच खाल्ले होते. पुन्हा या विषयाचं तोंड पाहायचं नाही, या आनंदात.

पण इंग्रजीनं त्यांचा माग सोडला नाही. मागच्या वर्षी कॉन्व्हेंटची पिवळी गाडी गावात यायला लागली. आधी दोन पोरं गेली, मग त्यांच्या चुलतभावंडांनी घरी रडारड सुरू केली. शाळेचा पट तसाच तोळामासा. आणखी आठदहा पोरं गेली असती, तर एक शिक्षक नक्की कमी झाला असता, आणि पुढं शाळेलाच कुलूप. सरांच्या बदलीची गोष्ट सोडा, ज्या घरांना त्या गाडीचं भाडं झेपत नव्हतं त्यांच्या लेकरांनी जायचं कुठं, हा प्रश्न होता. म्हणून भावना मॅडमनी जूनमध्ये पालकांची सभा बोलावली.

सभेत पार्बताबाई बोलल्या. वरच्या आळीतली सात-आठ घरं त्यांच्या शब्दावर चालतात. थोडा बगीचा आहे, नात हर्षा सरांच्याच वर्गात तिसरीला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गाडीत जाणारी पोट्टी गणित इंग्रजीतून करतात, आमची मराठीतून. उद्या मोठ्या शाळेत गेल्यावर आमचीच मागं पडतील. यावर मॅडम विचार करून काहीतरी बोलणार होत्या. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, सर उभे राहिले आणि म्हणाले, या वर्षीपासून आपल्याही शाळेत गणित इंग्रजीतून, मी स्वतः शिकवणार. टाळ्या पडल्या. मॅडमनी सरांकडे असं पाहिलं की सर अजून ती नजर विसरलेले नाहीत. पार्बताबाईंनी टाळी वाजवली नाही. त्या म्हणाल्या, वर्षभर पाहतो, मार्चात या पोट्ट्याइले आमच्यासमोर उभे करा, मग हर्षाचं काय ते ठरवू.

त्या दिवसापासून सरांची शिकवणी सुरू झाली, आणि बाई कोण तर त्यांचीच मुलगी. प्रणाली मोर्शीतल्या कॉन्व्हेंटमध्ये होती. म्हणजे गावातल्या लोकांना झेडपीची शाळा सोडू नका म्हणून हात जोडणाऱ्या गुरुजींची स्वतःची लेक कॉन्व्हेंटच्या गाडीतून जात होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सरांना हे कळत नव्हतं असं नाही. फक्त ते या विषयाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायचे, सरळ कधी पाहिलं नाही.

प्लस आणि मायनसची अडचण नव्हती. घड्याळातले सेल बदलणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतात. अडचण पुढं होती. बेरजेच्या उत्तराला 'सम' म्हणायचं, आणि प्रणालीच्या वर्गात कुठल्याही गणितालाही 'सम'च म्हणायचे. गुणाकाराच्या उत्तराला 'प्रॉडक्ट', ते म्हणताना सरांच्या डोळ्यांपुढे कृषी केंद्रातल्या फवारणीच्या बाटल्या यायच्या. भागाकारातलं 'क्वोशंट' म्हणताना तोंडात गरम भजं घेतल्यासारखं व्हायचं. वजाबाकीच्या उत्तराला 'डिफरन्स' का म्हणतात, असं त्यांनी एकदा जेवताना विचारलं. प्रणालीनं आपल्या परीनं समजावून सांगितलं. दीपमाला म्हणाली, तुमच्या स्वयंपाकात आणि माझ्या स्वयंपाकात जो असतो तो. सरांना ते चटकन समजलं.

प्रणाली बापाचे लाड करणारी बाई नव्हती. चुकलं की परत म्हणायला लावायची. सर शाळेला जाताना हेल्मेटच्या आत पाठांतर करायचे, "सब्ट्रॅक्ट धिस फ्रॉम दॅट," आणि नेमकं 'धिस' कुठलं आणि 'दॅट' कुठलं याची उलटापालट होऊन रस्त्यातच थांबायचे. बगीच्यात काम करणाऱ्या बायांना वाटायचं, गुरुजी फोनवर कुणाशी तरी भांडून राहिले.

वर्गात मात्र नवल झालं. ज्या शब्दांनी सरांचा घाम काढला ते पोरांनी आठवड्यात खिशात घातले. पोरांना शब्दाचं भय नसतं. ॲड म्हटलं की हात जवळ आणायचे, डिव्हाइड म्हटलं की दूर करायचे, असा खेळच झाला. सर खूश झाले. पण खरं सांगायचं तर एक गोष्ट हळूहळू बिघडत होती. पूर्वी ते चिंचोके पसरून, संत्र्याच्या फोडी मोजून, पोरांशी वाद घालत शिकवायचे. आता अर्धं डोकं पुढचं इंग्रजी वाक्य जुळवण्यात जायचं. मध्येच कुणी प्रश्न विचारला की त्यांची गाडी रुळावरून घसरायची. म्हणून त्यांनी नियम केला, गणिताच्या तासाला इंग्रजीतच विचारायचं. पोरं इंग्रजीत काय विचारणार? प्रश्न बंद झाले. तास शांत झाला, आणि सरांना वाटलं, शिस्त आली.

मार्चमधल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेला, पालक आले. बाया जास्त, काही आजोबा, दोघंचौघं बाप. पार्बताबाई पुढच्या सतरंजीवर. पोरांनी हात जवळ-दूर करून सगळे शब्द म्हणून दाखवले, बाया कौतुकानं एकमेकींकडे पाहत होत्या. इथंच थांबायला हवं होतं. पण कौतुक पाहिलं की सरांच्या अंगात येतं. ते म्हणाले, आता मी फळ्यावर एक गणित पूर्ण इंग्रजीतून करून दाखवतो.

फळ्यावर त्यांनी सत्तेचाळीस आणि त्याखाली अडतीस लिहिले. खडू उंच धरून म्हणाले, "सेव्हन प्लस एट इज इक्वल टू फिफ्टीन. राइट फाइव्ह, कॅरी वन." हे 'कॅरी वन' त्यांनी इतक्या थाटात म्हटलं की म्हणता म्हणता वळून बायांकडे पाहिलं. इतकी वर्षं मराठीत शिकवताना ते हातचा म्हटला की डाव्या हाताचं एक बोट उभं करायचे, पोरांनाही तसंच करायला लावायचे. त्या दिवशी बोट खालीच राहिलं. "फोर प्लस थ्री इज इक्वल टू सेव्हन," असं म्हणून त्यांनी पाचाच्या बाजूला सात लिहिले आणि खडू ठेवून दिला.

पंच्याहत्तर. बाया टाळ्या वाजवणार तेवढ्यात तिसरीच्या रांगेतून हर्षा उभी राहिली. तिच्या डाव्या हाताचं एक बोट वर होतं.

"सर, हातचा राह्यला."

सरांनी शब्द ऐकले, अर्थ नाही. पाहुण्यांसमोर पोरगी मराठीत बोलली एवढंच त्यांच्या कानात शिरलं. त्यांनी गोड हसून म्हटलं, "इंग्लिश, हर्षा. से इन इंग्लिश."

हर्षानं तोंड उघडलं. शब्द तिला येत होते, वाक्य येत नव्हतं. तिनं एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग पुन्हा तेच म्हणायला गेली, तर सरांनी मान हलवून परत म्हटलं, "इंग्लिश." ती खाली बसली. बोट मात्र तसंच वर ठेवून बसली.

पार्बताबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच बोलल्या. "गुरुजी, पोट्टी काय सांगून राहिली ते त आयका. बराबर सांगत असंन त?"

सरांनी हर्षाकडे पाहिलं, त्या बोटाकडे पाहिलं, मग फळ्याकडे. गणित चुकलं याची लाज वाटली, पण ती थोडी. जास्त लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटली. काही वर्षांपूर्वी अकोल्याला एका प्रशिक्षणात कुणी साहेबांनी इंग्रजीतून प्रश्न विचारला होता. सगळ्या हॉलमध्ये उत्तर फक्त सरांना येत होतं. पण ते मराठीत येत होतं, म्हणून ते उठले आणि काही न बोलता बसले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं, आणि त्या साहेबाला त्यांनी मनात काय काय म्हटलं होतं ते इथं लिहिता येणार नाही. आज आठ वर्षांच्या पोरीसमोर तो साहेब ते स्वतः झाले होते.

त्यांनी हर्षाला फळ्याजवळ बोलावलं. ती लवकर येईना. मग ते म्हणाले, तुला जसं येतं तसं सांग, माझं चुकलं. ती आली, सात पुसला, बोट धरून मोठ्यानं म्हणाली, "सात न आठ पंधरा, हातचा एक. चार न तीन सात, न हा एक, आठ." पंच्याऐंशी झाले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण एक आजोबा म्हणाले, गुरुजीलेबी हातचा इसरते त आपल्या पोट्ट्याचं काय घेऊन बसले, आणि सगळी सभा हसली. सर पण हसले. हसण्यावारी निभावलं असं त्यांना क्षणभर वाटलं.

पार्बताबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "एक इचारू काय जी? तुमची पोट्टी कोन्या शायेत जाते?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सरांना ते द्यावं लागलं. मोर्शीले, कॉन्व्हेंटात.

"मंग आमच्या पोट्ट्याइले इथं ठेवा म्हून कोन्या तोंडानं सांगता? तुमी पयले तुमचं ठरवा. मंग आमी हर्षीचं ठरवू."

सर फळा पुसायला वळले. भावना मॅडमनी चहा आणवला म्हणून सभा उठली.

घरी येऊन त्यांनी दीपमालाला सगळं सांगितलं. पंच्याहत्तरच्या जागी ती पोट धरून हसली. पार्बताबाईंच्या प्रश्नापाशी थांबली. कॉन्व्हेंटचा हट्ट तिचा होता. आपण दोघांनी इंग्रजीपायी जे भोगलं ते पोरीच्या वाट्याला नको, एवढंच तिच्या मनात होतं, आणि त्यात तिचं काही चुकत होतं असं सरांना तेव्हाही वाटलं नाही. मग ती म्हणाली, तुमी न मी ठरवून काय होते, शाळेत बसाचं तिले हाये, तिले इचारा.

प्रणाली शेजारी चित्र रंगवत बसली होती. तिनं सगळंच ऐकलं होतं. सरांनी विचारलं, जूनपासून माझ्या गाडीवर माझ्या शाळेत येशील काय? तिनं मैत्रिणींचं विचारलं नाही, गाडीचं विचारलं नाही. हातातला रंग खाली ठेवला आणि जरा दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, आमच्या वर्गात मले किती वेळा समजत नाई, पन इंग्लिशमंदी इचारता येत नाई म्हून मी गप बसतो. तुमच्या शाळेत मराठीत इचारलं त चालते?"

इतके महिने ही पोरगी आपल्याला शिकवत होती, आणि हे आपण तिला एकदाही विचारलं नाही, हे सरांना तेव्हा कळलं. चालते, असं सरळ म्हणून टाकायला जीभ वळवळत होती. पण समोर मुलगी होती, आणि सकाळचं ते उभं बोट अजून डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"आजपासून चालते," सर म्हणाले.