काळ्या थरावरचं रक्त

पालेगावच्या शेडमध्ये आम्ही समुद्राचा तळ ठेवला होता. संशोधनासाठी किनाऱ्यापासून दूर, बोटीवरून पाइप ठोकून काढलेला गाळ. प्लास्टिकची नळी उभी चिरून दोन अर्धे भाग केले की थर दिसायचे. वर मऊ हिरवट चिखल, मध्ये फुटक्या शिंपल्यांचा पट्टा. एकाच नळीत त्याखाली मुळ्यांनी भरलेला काळा थर निघाला. म्हणजे तिथे कधीकाळी खारफुटीचा किनारा होता. समुद्र चढला, लाटांनी तो ओरबाडला, झाडं गाडली. कधी, ते फक्त त्या काळ्या थराचं वय काढूनच कळणार होतं.

त्या थराला हात, कागद, कापूस लावायचा नाही. आजच्या जिवाचा कण मिसळला तरी वय चुकतं. गुंडाळायचं ते फक्त फॉईलमध्ये.

शेडच्या जागी टॉवर येणार होता. आम्हाला महिनाअखेरपर्यंत मुदत होती, तरी एका दुपारी मालकाचा पुतण्या दोन माणसं घेऊन आला.

"मॅडम, खाली करा बोललो ना! चिखल काय सांभाळताय? आमच्या शेतात रग्गड आहे."

"महिनाअखेरीला ट्रक येतोय."

त्याने सरळ नळ्यांचा रॅक ओढला. नळ्या फरशीवर आपटून फुटल्या. माझा सहकारी, कॉलेजपासूनचा मित्र, काळ्या थराच्या नळीच्या एका अर्ध्या भागावर पालथा पडला. एकाने त्याच्या डोक्यात सळई घातली. मी रॅकचा सुटलेला लोखंडी अँगल उचलून पुतण्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो गुरासारखा ओरडला आणि तिघे पळाले.

मी ओढणी काढून मित्राच्या डोक्याला बांधायला गेले, तर तो खेकसला, "आधी फॉईल!"

मी आधी फॉईल गुंडाळली.

उल्हासनगरच्या दवाखान्यात टाके पडत असताना त्याने विचारलं, "थर वाचला का गं?"

"तुझं रक्त भेगांतून पार आत गेलंय."

"नळीचा दुसरा अर्धा भाग?"

"रॅकखाली चुरा झाला. सगळे थर एक झालेत."

"म्हणजे आता वय काढलंस तर माझंच येईल."

"हलू नका," डॉक्टर ओरडले.

दुसऱ्या दिवशी मी फॉईलवर लेबल लावलं: रक्त मिसळले, वयासाठी वापरू नये. तो डोक्याला पट्टी बांधून शेजारी उभा होता.

"परत बोट बघावी लागेल," तो म्हणाला.

मी कागद ओढला. बोट, नळ्या, फॉईल.

"कुलूप," तो म्हणाला. "ते सगळ्यात वर लिही."