आईचा हुंकारा

मी स्वमग्न आहे, हे सुरतेच्या डॉक्टरांनी मला तिशी उलटल्यावर सांगितलं. मला हायसं वाटलं. आईला वाटलं, डॉक्टरला काही कळत नाही. मामाच्या मुलाची हळद तोंडावर आली होती. भावाच्या हळदीत डीजेच्या आवाजाने मी कोठीघरात लपले, तेव्हा आईने मला दंडाला धरून बाहेर ओढलं होतं. तेच पुन्हा मला नको होतं. समजावून थकले, म्हणून ठरवलं, माझ्यासारखी नायिका असलेली कादंबरी शोधून तिला वाचून दाखवायची.

कोरीटहून एसटीने शहाद्याचं वाचनालय गाठलं. ग्रंथपाल उत्साही माणूस. "ताई, यातला स्वमग्न मुलगा गणितात असा पक्का आहे म्हणून सांगू!" मी अजून सतराच्या पाढ्यात अडखळते. तरी पुस्तक घेतलं.

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा असतो. तो थांबला की सांगणाऱ्यानेही थांबायचं. आई मिरच्यांचे देठ खुडत "हं, हं" करायची. आईबापांचं भांडण मिटावं म्हणून लेखकाने गणितवाला पोरगा शेवटी पुरात मारला, तिथे हुंकारा बंद.

"कसाले मारा त्याले? भांडनं त्यासनी, आन मरस पोऱ्या?"

दुसऱ्या कादंबरीतली मुलगी बासरी ऐकून ठणठणीत बरी झाली. "मंग दवाखाना कसाले शेतस?" आई म्हणाली. अशा लेखकांना आमच्या हळदीत डीजेसमोर बसवायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तिसरं पुस्तक मी स्वतःच कपाटं उपसून काढलं. त्यातली बाई पोस्टात टपाल वेगळं करायची, कुकरची शिट्टी झाली की घराबाहेर पळायची आणि रोज एकच भाजी खायची. ती हुशारही नव्हती आणि मरतही नव्हती. वाचताना मला इतका आनंद झाला की मी तेच पान दोनदा वाचलं. आईने दोन्ही वेळा हुंकारा दिला.

मग बहिणीच्या लग्नात ती बाई न्हाणीघरात लपली आणि तिची आई तिला ओढायला आली. इकडे माझ्या आईचा हुंकारा थांबला. नियमाप्रमाणे मीही थांबले.

"तिनी मायले काई अक्कल शे का नही! पोर कान दाबी ऱ्हायनी, आन ही तिले ओढी ऱ्हायनी!" तिने पुस्तकातल्या त्या आईचा यथेच्छ उद्धार केला. मग हातातली मिरची खाली ठेवली.

"मी बी असंच करं का वं?"

दुसरी एखादी मुलगी नाही म्हणाली असती. मला खोटं जमत नाही. "हा," मी म्हटलं.

तिने मिरचीच्या हातांनीच डोळे पुसले आणि बोंब ठोकली. मी तांब्या घेऊन धावले. डोळ्यांवर पाणी मारता मारता ती म्हणाली, "हळदले यीजो. कानले तरास व्हयना का निघी जाजो. मी सांगसू सगळासले."

"काय सांगशी?"

"सांगसू, मन्ही पोर अशीच शे."