भावाले लिहिताना

कॉलेज आटोपून चंद्रपूरहून एसटीत बसले होते, तेव्हा बाईंचा फोन आला. "तुहे सर गेले पोरी," एवढंच त्या म्हणाल्या. भद्रावती येईपर्यंत मी फोन कानालाच धरून होते... पलीकडून तो केव्हाच ठेवला होता.

रामटेके सर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बाई त्यांच्या पत्नी. मी जिवतीकडची, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच; भद्रावतीत सरांच्या घराला लागून खोली घेऊन राहते. अणूचा नवा सिद्धान्त शोधत असताना एका परदेशी शास्त्रज्ञाने आपल्या भावाला लिहिलेली खासगी पत्रं सर मराठीत आणत होते. रविवारी ते वाचून दाखवायचे, मी ऐकायची. त्यात गणित थोडं असे, थकवाच जास्त. रात्री जमलं वाटलं, सकाळी पाहिलं तर चूक निघाली, डोकं दुखतं, घरची आठवण येते...

पण सरांचा शास्त्रज्ञ आमच्या बोलीत बोलायचा. 'मी करूनच राह्यलो, पण काई जमून नाई राह्यलं.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अवघडले. कॉलेजात माझ्या तोंडून 'मले' निघालं की मागच्या बाकावर हसतात. भीत भीत म्हणाले, "सर, 'प्रयत्न करत आहे' असं लिहिलं तर?"

"भावाले कोणी 'प्रयत्न करत आहे' म्हणते का?" सर हसले. "पेपरात लिहीन तो तसं. घरी नाई."

पुण्याच्या एका प्रकाशकाने पुस्तक काढायचं कबूल केलं, पण भाषा प्रमाण करून द्या म्हणाले. अशाने शास्त्रज्ञ खेडवळ वाटतो, असं त्यांचं म्हणणं. सरांनी उत्तर दिलं नाही. आजारपणात त्यांचा आवाजही थकला होता. "पाहू," एवढंच म्हणायचे.

ते उत्तर आता बाईंवर आलं आणि बाईंनी माझ्यावर टाकलं. "छापून यावं असं त्यायले लय वाटे," त्या म्हणाल्या. "भाषा बदलली तं काय होते?" मलाही कळत नव्हतं. नाही म्हटलं तर सरांची मेहनत कपाटातच राहणार. एक पत्र मी प्रमाण मराठीत करून वाचलं. बाई तांदूळ निवडत, रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात तशा ऐकत राहिल्या. मग सरांचं वाचलं. बाईंचा हात थांबला.

"लय थकला हाय वं हा," त्या म्हणाल्या. "जेवला का नाई?"

त्याच संध्याकाळी मी प्रकाशकाला कळवलं, भाषा बदलता येणार नाही. अजून उत्तर नाही... येईल असंही वाटत नाही.

सरांकडून काही पत्रं मराठीत आणायची राहून गेली. परीक्षा जवळ आली आहे, तरी रविवारी मी ती घेऊन बसते. फार हळू जमतं. परवा एका वाक्याशी अडले आणि बाईंना विचारलं, "आपण हरलो, असं तुम्हाला तुमच्या भावाला सांगायचं असेल, तर कसं सांगाल?"

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "तेबी असंच इचारत मले," त्या म्हणाल्या. "मले वाटे, या माणसाले माह्या माहेरी काई निरोप धाडाचा हाय का..."

मग पदराने चष्मा पुसून, भाऊ समोर बसला असावा तशा, हळूच म्हणाल्या, "आता माह्याच्यानं होत नाई रे भाऊ."

मी तसंच लिहून घेतलं.